पन्नास मीटर की शंभर? आधी मोजायचं कुठून ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीला मिळणाऱ्या एका लहान नदीकाठी तुमचं गाव. दोन-तीन वर्षांत काठच्या जमिनी ‘रिव्हर टच प्लॉट’ म्हणून विकल्या जाऊ लागल्यात आणि जेसीबी लावून काठ सपाट करणं चाललंय. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात, नदीकाठी बफर, म्हणजे बांधकामापासून मोकळा पट्टा, राखण्याचा ठराव ग्रामसभेत आणायचाय. एक गट पन्नास मीटर म्हणतो, तुम्ही शंभर म्हणता, आणि ज्यांची भातखाचरं काठालाच आहेत ती मंडळी म्हणतात की एक मीटरही नको. तर शास्त्रीय आकडा कोणता?

बावीस वर्षं मी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना नदीकाठची सर्वेक्षणं आणि काठावरचा झाडोरा परत आणण्याची कामं करतोय. आकडे मी देणार आहे, पण तुमच्या भांडणातला खरा घोळ मीटरचा नाहीच. शंभर मीटर कुठून मोजायचे आणि त्या शंभर मीटरनी नेमकं काय काम करायचं, हे कुणीच ठरवलेलं नाही. हे ठरलं तर तुमचे तिन्ही गट आज वाटतं त्यापेक्षा बरेच जवळ येतील, असा माझा अनुभव आहे.

आधी मोजमापाची सुरुवात. एका प्लॉटिंगच्या नकाशावर ‘नदीपासून तीस मीटर सोडले आहेत’ असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय. जुलैच्या शेवटी जागेवर गेलो तर प्लॉटचं लोखंडी गेट कमरेएवढ्या पाण्यात होतं. कारण साधं होतं. मोजणी एप्रिलमधली, आणि एप्रिलमध्ये आपल्या घाटातल्या नद्यांना पाणी असतं कुठे? डोहात साठलेलं, बाकी नुसते गोटे. मोजणाऱ्याने त्या गोट्यांमधल्या ओल्या पट्ट्यापासून टेप धरला होता. त्याचं चुकलं असं कागदावर कुणालाच म्हणता आलं नाही, कारण ‘नदी’ म्हणजे काय हे कागदावर लिहिलेलंच नव्हतं. ठरावात ‘नदीपासून’ हा शब्द ठेवलात तर तुमच्याही नशिबी हेच येईल.

आपल्याकडे जलसंपदा विभागाची पद्धत आहे ती निळ्या आणि लाल रेषेची. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतलं निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्या मधलं नियंत्रित क्षेत्र. पद्धत चांगली आहे, पण मोठ्या नद्या आणि शहरं सोडली तर डोंगरातल्या उपनद्यांच्या रेषा बहुतेक ठिकाणी आखलेल्याच नसतात. तुमच्या नदीची असेल तर जलसंपदाच्या विभागीय कार्यालयातून नकाशा मागवा. नसेल तर रेषा आखायची लेखी मागणी करा आणि तोवर गावाने स्वतःची रेषा काढा.

ती काढणं वाटतं तेवढं अवघड नाही. २००५ आणि २०२१ हे दोन पूर तुमच्याकडे पाहिलेली माणसं घरोघर आहेत. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला, आणि तुमच्या खोऱ्याचा माथा तोच. त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना जागेवर नेऊन विचारा. देवळाची पायरी, गोठ्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ, करंजाच्या फांदीत अडकून राहिलेली लक्तरं, अशा खुणांना चुना फासा आणि मोबाईलवर जीपीएस नोंद घ्या. दोन-तीन किलोमीटरच्या काठाला असे वीस-पंचवीस बिंदू मिळाले की रेषा आपोआप दिसायला लागते. मी हे काम केलं तिथे एका आजींनी दाखवलेली खूण पुढे झालेल्या तांत्रिक सर्वेक्षणाशी हातभराच्या फरकाने जुळली. सगळ्यांच्या खुणा अशा जुळत नाहीत. काहींना पूर दरवर्षी वाढत गेलेला आठवतो. म्हणून एका बिंदूला तीन साक्षीदार घ्या.

आता पट्ट्याचं काम. डोंगरातल्या लहान नदीला काठाकडून तीन गोष्टी लागतात आणि तिन्हींची रुंदी वेगळी असते.

पहिली म्हणजे सावली आणि पालापाचोळा. वरच्या भागातली नदी अरुंद, दगडी आणि झाडांनी झाकलेली असते. ऊन पाण्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे पाण्यात शेवाळ फारसं वाढत नाही. तिथलं जीवन चालतं ते काठावरून पडणाऱ्या पानांवर. पान पाण्यात कुजतं, ते दगडाखालचे किडे खातात, किड्यांना मासे आणि बेडूक खातात. जांभूळ, उंबर, करंज, वाळुंज, तामण, आणि अगदी पाण्यातल्या गोट्यांत रुजणारी शेरणी, ही मंडळी त्या नदीचं स्वयंपाकघर आहेत. काठ मोकळा केलात की पाणी तापतं, हिरवं होतं आणि दगडाखालचे किडे आधी जातात. मासे नंतर. किडे गेलेले कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून लोक म्हणतात की मासे अचानक गेले. या कामाला पक्क्या काठापासून, म्हणजे भर पावसाळ्यातल्या पात्राच्या वरच्या कडेपासून, दहा-पंधरा मीटरची अखंड झाडी बहुतेक ठिकाणी पुरते. अखंड मात्र हवी. दर प्लॉटला नदीकडे उतरणारा एकेक रस्ता असला तर पंधरा मीटरची झाडी कागदावरच राहते.

दुसरं काम वरून येणारी माती अडवायचं. इथे आकडा उतारावर अवलंबून असतो. माझा कामचलाऊ हिशेब असा: पंधरा मीटरच्या मूळ पट्ट्यात उताराच्या दर टक्क्याला अर्धा मीटर मिळवायचा. चाळीस टक्के उतार असेल तर पस्तीस मीटर झाले. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, आणि जिथे डोंगर नुकताच कापलाय तिथे तो कमी पडतो. ताज्या कापलेल्या तांबड्या मातीला पहिल्या पावसात कुठलीच झाडी पुरी पडत नाही. तिथे उपाय एकच, पावसाळ्याआधी कटाई बंद.

तिसरं काम पुराला पसरायला जागा द्यायचं, आणि हे पूर्णपणे दरीच्या आकारावर आहे. तुमच्या गावाच्या वर दरी चिंचोळी आहे. तिथे तीस मीटर गेलं की कडाच लागतो, शंभर मीटर म्हणजे अर्धा डोंगर. गावाखाली मळई, म्हणजे गाळाची सपाट जमीन, पसरली आहे, तिथे पूर दीडशे-दोनशे मीटर आत येत असेल. एकच आकडा लावलात तर वर तो हास्यास्पद होईल आणि खाली अपुरा पडेल. म्हणून या कामासाठी मीटर नकोतच. पुराच्या खुणांची रेषा हीच हद्द.

यावर तुम्ही विचाराल की मग नदीच्या काठाचं झालं, अजून काय राहिलं. राहिले ते ओहोळ. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते डोंगरी नदीच्या बफरमध्ये सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

उत्तराखंडचं उदाहरण घ्या. भागीरथीचा गोमुख ते उत्तरकाशी हा सुमारे शंभर किलोमीटरचा भाग १८ डिसेंबर २०१२ ला केंद्राने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. क्षेत्र ४,१७९ चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे नुसता काठ धरलेला नाही, जवळजवळ सगळं पाणलोट क्षेत्र धरलं आहे. विचार म्हणून हे बरोबर होतं. गावापुरती छोटी वीजनिर्मिती सोडून नवे जलविद्युत प्रकल्प तिथे बंद झाले, आणि ते प्रत्यक्षात थांबले. पण कुठे काय चालेल हे सांगणारा विभागीय आराखडा दोन वर्षांत व्हायचा होता, तो मंजूर झाला २०२० साली. मधल्या काळात हॉटेलं आणि बाजार वाढतच राहिले. ५ ऑगस्ट २०२५ ला त्याच पट्ट्यातल्या धराली गावावर लोंढा आला. तो भागीरथीतून आला नव्हता. बाजूच्या खीर गडातून, म्हणजे आपल्या भाषेत एका मोठ्या ओहोळातून, दगडमातीसकट खाली आला आणि ओहोळाच्या तोंडाशी वसलेला बाजार घेऊन गेला. ओहोळाने शेकडो वर्षं आणून टाकलेल्या गाळाचा तो सपाट पंखा. डोंगरात सपाट जागा म्हणून लोकांना नेमकी तीच आवडते.

आपल्याकडे हिमनद्या नाहीत, उतार वेगळे, खडक वेगळा. तुलना ताणायची नाही. पण पाऊस असा पडतो की ओहोळ दोन तासांत नदी होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या शेजारच्या महाड तालुक्यातलं तळीये २०२१ च्या त्याच २२ जुलैला गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि तेही नदीच्या पुराने नव्हे, वरच्या उतारावरून आलेल्या दरडीने. म्हणून ठरावात लिहा: उन्हाळ्यात कोरडा असला तरी ओहोळाच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर झाडोरा राहील, ओहोळाचं तोंड बुजवता येणार नाही, मोरीच्या नळ्याने त्याचं पात्र अरुंद करता येणार नाही, आणि जिथे ओहोळ नदीला मिळतो त्या गाळाच्या पंख्यावर राहतं घर होणार नाही. आखलेल्या रेषेच्या आत एखादं घर बांधलं जाण्यापेक्षा ओहोळात भराव पडल्याने गाव जास्त धोक्यात येतं, असं मी नि:शंकपणे म्हणेन.

इथवरचं एका दमात सांगतो: पक्क्या काठापासून पंधरा मीटर झाडी, तिथे हात लावायचा नाही. उतार जास्त तिथे हा पट्टा तीस-पस्तीसपर्यंत वाढेल. त्यापलीकडे पुराच्या खुणेपर्यंत शेती चालेल, बांधकाम आणि भराव नाही. ओहोळांना वेगळे दहा-दहा मीटर.

शेती चालेल हे मुद्दाम लिहिलं. सुरुवातीच्या काळात एका गावात मी हट्टाने शंभर मीटर ‘ना विकास’ पट्टा लिहून घेतला होता. ठराव एकमताने झाला, टाळ्या वाजल्या. नंतर लक्षात आलं की पट्ट्यात चाळीसेक कुटुंबांची खाचरं होती. त्यांना वाटलं, आज बांधकाम बंद केलंय, उद्या नांगरही बंद करतील. जमिनीला काही भाव उरेल की नाही या धास्तीने त्यांतल्या काहींनी घाईघाईने विकून टाकल्या, आणि घेणारे तेच प्लॉटवाले. माझ्या ठरावाने त्यांचा धंदा वाढवला. हे सांगायला मला आनंद होत नाही, पण तुमचा शंभरचा आग्रह वाचून पहिली आठवण तीच झाली.

भातखाचर हा नदीचा शत्रू नाही. बांध शाबूत असलेलं खाचर पुराचं पाणी थोपवून धरतं, गाळ खाली बसवतं, पाणी सावकाश सोडतं. झाडीपलीकडच्या या पट्ट्याला यापेक्षा स्वस्त संरक्षण नाही. नाचणी, वरी, गवत, चराई, सगळं चालू दे. अट दोनच गोष्टींची घाला: झाडीच्या पट्ट्यालगतच्या एका खाचरात तणनाशक मारायचं नाही, आणि खाचरात भराव घालून उंची वाढवायची नाही. दुसरी अट शेतकऱ्याला लागूच होत नाही, कारण कुठलाही शेतकरी आपलं खाचर मुरमाने भरत नाही. प्लॉटवाला भरतो. नियम असे लिहायचे की ज्याला अडवायचं त्यालाच अडतील.

आता कायद्याचं. इथे तुमच्या अपेक्षा थोड्या खाली आणाव्या लागतील. महाराष्ट्रात २००० साली नदी नियमन क्षेत्राचं धोरण आलं होतं. नद्यांची वर्गवारी करून वरच्या स्वच्छ भागात तीन किलोमीटरपर्यंत कारखाने नकोत, खाली अंतर कमी, अशी रचना होती. २०१५ मध्ये ते रद्द झालं. अनेकजण हळहळतात, मीही. पण ते धोरण कारखान्यांसाठी होतं, चार गुंठ्यांच्या बंगल्याला ते शिवलंही नसतं. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे, म्हणजे सावित्रीच्या उगमाला कवच आहे, पण ते घाट उतरून तुमच्यापर्यंत येत नाही. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा केंद्राचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतोय, सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला. गावांची यादी त्याला जोडलेली असते, तुमचं गाव आहे का बघा. असलं तरी त्यात बंदी आहे ती खाणी, वाळू उपसा, लाल वर्गातले, म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी कारखाने, वीस हजार चौरस मीटरवरची बांधकामं आणि पन्नास हेक्टरवरच्या टाउनशिप यांच्यावर. ‘रिव्हर टच’ प्लॉट त्या जाळीच्या भोकांतून आरामात निसटतात.

ग्रामसभेचा नुसता ठराव न्यायालयात कितपत टिकेल ते प्रकरणावर अवलंबून आहे. गावठाणाबाहेरची बांधकाम परवानगी तुमच्या हातात नसते. पण काही गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला अटींसकट द्या, आणि अटींत वरच्या रेषा नकाशासह घाला. नदी आणि ओहोळाचं पात्र जमीन महसूल संहितेनुसार सरकारी मालकीचं असतं. तेव्हा गावनकाशावरच्या ओहोळात कुणी भराव टाकला तर तक्रार ‘पर्यावरण’ म्हणून करत बसू नका, सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण म्हणून तहसीलदारांकडे करा. माझ्या अनुभवात या एका शब्दाने फाईल लवकर हलते.

आणखी एक वाट मला फार आशेची वाटते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी. दुसऱ्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, क्षेत्र अवघं २.११ हेक्टर. एवढ्याशा तुकड्यालाही कायद्याचं नाव मिळू शकतं, हे त्यातून घ्या. जैवविविधता कायद्याखालची व्यवस्थापन समिती तुमच्या पंचायतीत कागदावर तरी असेलच. ती जागी करा, गावातल्या जैवविविधतेची नोंदवही लिहा आणि नदीवरचा तुमचा सगळ्यात चांगला डोह निवडून वारसा स्थळाचा प्रस्ताव पाठवा. नवी जात सापडायला हवी असं काही नाही.

डोह म्हणजे काय हे महाडकडच्या माणसाला समजवायला नको. काळ नदीवर वाळण कोंडीला वरदायिनीचे देवमासे आहेत. कुणी जाळं टाकत नाही, दगड मारत नाही, यात्रेकरू कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे महसीर वर येतात. त्या कोंडीला कधी कुणी मीटर लावले नव्हते. मी देवभोळा नाही, पण सर्वेक्षणाला गेलो की देवाची जागा कुठली हे आधी विचारतो. देवराई बहुतेकदा झऱ्याच्या डोक्यावर असते आणि देवाचा डोह नदीच्या सगळ्यात खोल जागी. बफर कुठे हवा ते जुन्या लोकांनी अर्धंअधिक आधीच दाखवून ठेवलेलं असतं.

डोहाचा मुद्दा आणखी एका कारणासाठी काढला. फेब्रुवारीनंतर वाहणं थांबलं की नदीतलं सगळं जिवंत तेवढ्या चार-सहा डोहांत गोळा होतं. काठ कितीही रुंद राखलात आणि मार्चमध्ये फार्महाऊसच्या हिरवळीसाठी कुणी डोहात पाच अश्वशक्तीची मोटर सोडली, तर मीटरचा काही उपयोग नाही. ब्लीचिंग पावडर आणि इन्व्हर्टरचा शॉक देऊन मासे धरणाऱ्यांचंही तेच. डोहांची नावं घालून ठरावात स्वतंत्र कलम करा: फेब्रुवारी ते पाऊस लागेपर्यंत पिण्याखेरीज उपसा नाही. शोषखड्डे आणि सेप्टिक टाक्या पुराच्या रेषेबाहेर, कारण भेगाळ कातळातून ते पाणी थेट डोहात उतरतं. आणि पूर आला की दरवेळी ‘खोलीकरण’ म्हणून पोकलेन आणायची जी टूम निघते, तिला डोह आणि त्यांच्या वरचे गोटे यातून वगळा. पुलाखाली साचलेला गाळ काढावा लागतो, ते मान्य. पण संपूर्ण पात्र एका पातळीत खरवडलं की डोह भरून जातात आणि काठ सुटतात.

जे तुमच्या जागेवर आल्याशिवाय सांगता येणार नाही ते असं: गावाच्या वरच्या उतारावर भेगा पडल्यात का, तो प्रश्न भूवैज्ञानिकाचा आहे, माझा नाही. विकल्या गेलेल्या प्लॉटचं काय करायचं हे त्यांच्या परवानग्या बघून ठरेल. आधीच बांधलेल्या घरांना ठराव मागून लावता येणार नाही. पण त्यांच्याकडून काठाची पंधरा मीटर झाडी परत लावून घेता येते, आणि दोन ठिकाणी मालकांनी ती आनंदाने लावलेली मी पाहिली आहे. जांभूळ आणि करंजाची रोपं द्या, नारळ आणि शोभेचे बांबू नकोत.

ठराव लिहायची घाई करू नका. आधी भूमी अभिलेखमधून गावनकाशा घ्या आणि येत्या मे महिन्यात, पाणी नसताना, दोन म्हातारी माणसं आणि दोन शाळकरी पोरं बरोबर घेऊन वरपासून खालपर्यंत चाला. नकाशात न दाखवलेले ओहोळ किती सापडतात ते मोजा आणि प्रत्येक डोहाचं नाव लिहून आणा. ती यादी इथे टाकलीत तर कलमांची भाषा आपण मिळून बसवू.